आठ वर्षांपूर्वी पॅप टेस्ट नॉर्मल आली होती, मग राहूनच गेलं

एका बाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वय ४४, इंदूरच्या सुदामानगरात घर, शाळेत नोकरी. ३६व्या वर्षी पाळीच्या तक्रारीसाठी गेल्या होत्या तेव्हा पॅप टेस्ट, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठीची तपासणी, झाली, रिपोर्ट नॉर्मल आला आणि डॉक्टरांनी तीन वर्षांनी परत यायला सांगितलं. ते झालं नाही. त्या डॉक्टरांनी आता प्रॅक्टिस बंद केली आहे. तक्रार काहीही नाही. मग आता जावं का, इतक्या वर्षांनी गेल्यावर बोलणी बसतील का, आणि एकदा गेल्यावर पुढचं नेमानं चालू कसं ठेवायचं? शिवाय घरात सासूबाई आहेत, ६७ वर्षांच्या. त्यांची तपासणी कधीच झालेली नाही. त्यांचं काय करावं?

जा. बोलणी बसणार नाहीत, आणि बसलीच तर डॉक्टर बदला. इंदुरात स्त्रीरोगतज्ज्ञांचा दुष्काळ नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी कधी तरी झाली आहे का. देशभरात हो म्हणणाऱ्या दोन टक्केसुद्धा निघाल्या नाहीत, १.९ टक्के. उशिरा का होईना, परत येणारी बाई आम्हा डॉक्टरांसाठी कौतुकाचीच असते. राहिलेल्या तपासण्यांची भरपाई करायची नसते, जास्तीच्या टेस्ट लागत नाहीत. आज जी तपासणी करायची ती करायची आणि पुढची तारीख त्या दिवसापासून मोजायची.

आता ‘एकदा नॉर्मल आली होती’ याबद्दल. ओपीडीत हे वाक्य मी रोज ऐकते, आणि ते ज्या निश्चिंतपणे म्हटलं जातं त्याची मला काळजी वाटते. गर्भाशयमुखाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूच्या काही ठरावीक प्रकारांमुळे होतो. हा विषाणू शरीरसंबंधांतून येतो, बहुतेकींना आयुष्यात कधी तरी होतो आणि बहुतेकींच्या शरीरातून एक-दोन वर्षांत निघूनही जातो. काहीजणींच्या मात्र तो टिकून राहतो, पेशींमध्ये हळूहळू बदल होत जातात आणि त्यांचा कॅन्सर व्हायला साधारण १५-२० वर्षं लागतात. हा वेळ आपल्या बाजूचा आहे. मधल्या कोणत्याही टप्प्यावर बदल सापडले तर बहुतेक वेळा ओपीडीतल्या छोट्या उपचाराने विषय संपतो. पण सापडायचे तर त्या मधल्या काळात कोणी तरी पाहायला हवं. ३६व्या वर्षीचा रिपोर्ट तुमच्या ३६व्या वर्षाबद्दल सांगतो; त्यानंतरच्या आठ वर्षांबद्दल त्याला काही ठाऊक नाही.

पॅप टेस्टमध्ये आणखी एक गोष्ट आहे. काचेवर पसरलेल्या पेशी माणूस सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. ब्रश नेमक्या जागी फिरला नाही, पेशी कमी आल्या, त्यावर रक्त किंवा सूज असली, की बदल सुटू शकतात. एका पॅपमध्ये ते सुटण्याचं प्रमाण काही थोडं नाही. ज्या देशांत पॅपमुळे हा कॅन्सर खरोखर कमी झाला, तिथे तो कमी झाला कारण त्याच बायका पुन्हा पुन्हा आल्या. या वेळी सुटलेलं पुढच्या वेळी सापडलं. इंग्लंडमध्ये १९८८पासून बाईच्या घरी तपासणीचं बोलावणं येतं. आपल्याकडे असं पत्र कोणी पाठवत नाही, त्यामुळे आठवण ठेवायचं काम तुमच्यावरच पडतं. तुम्ही आळशी म्हणून राहिलं, असं मानू नका.

याचा सगळ्यात चांगला पुरावा बाहेरचा नाही, महाराष्ट्रातलाच आहे. १९९९पासून उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या मंडळींनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर एक मोठा अभ्यास केला. गावांचे चार गट पाडले: एका गटात एचपीव्ही टेस्ट (गर्भाशयमुखाच्या नमुन्यात तो विषाणू आहे का हे पाहणारी), दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात व्हिनेगरची तपासणी (गर्भाशयमुखावर सौम्य व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं) आणि चौथ्यात नेहमीची आरोग्यसेवा. पहिल्या तीन गटांत प्रत्येकीची तपासणी एकदाच. आठ वर्षांनी हिशेब केला तेव्हा एचपीव्ही टेस्ट झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले होते. एकदाच केलेल्या पॅपने किंवा व्हिनेगरच्या तपासणीने मात्र मृत्यूंत खात्रीने सांगावा असा फरक पडला नव्हता. २००९ साली हे प्रसिद्ध झालं. आता याच्या शेजारी मुंबईचा अभ्यास ठेवा. तिथे प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी वस्त्यांमध्ये तीच व्हिनेगरची साधी तपासणी दर दोन वर्षांनी केली, चार फेऱ्या, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तपासणी तीच, फरक होता तो पुन्हा पुन्हा करण्याचा.

म्हणून तुमच्यासाठी माझा सल्ला: आता पॅपऐवजी एचपीव्ही डीएनए टेस्ट करून घ्या. ती निगेटिव्ह आली तर पुढची पाच वर्षांनी. परवडत असेल आणि तुमचे डॉक्टर सुचवत असतील तर दोन्ही एकाच वेळी करता येतात, पण नुसती एचपीव्हीही पुरते. काही कारणाने ती जमली नाही तर पॅप करा, पण मग तीन वर्षांचं अंतर पाळायचं. साधी पॅप काही शे रुपयांत होते. एचपीव्हीला हजारांत मोजावे लागतात आणि लॅबप्रमाणे भाव बदलतो, तेव्हा दोन-तीन ठिकाणी फोन करा. पाच वर्षांवर वाटून बघितलं तर तो खर्च तितका मोठा वाटत नाही. पैशांचीच अडचण असेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या स्त्रीरोग ओपीडीत पॅप होते, आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांत तिशीपुढच्या बायकांसाठी व्हिनेगरची तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमातच धरलेली आहे. जवळच्या केंद्रात ती कोणत्या वारी होते तेवढं आधी विचारून जा. सरकारी नियम या तपासणीसाठी दर पाच वर्षांचा आहे.

उलट टोकाच्याही बायका भेटतात. दर वर्षी बॉडी चेकअपचं पॅकेज, त्यात दर वर्षी पॅप. इतक्या वेळा केल्याने संरक्षण फारसं वाढत नाही. आपोआप बरे होणारे किरकोळ बदल मात्र सापडत राहतात, त्यापायी कोल्पोस्कोपीच्या (गर्भाशयमुख दुर्बिणीतून पाहण्याच्या) चकरा आणि झोप उडते ती वेगळीच. आणि काही पॅकेजांत रक्ताच्या तीस-चाळीस टेस्ट असतात, पण गर्भाशयमुखाची नसते. ‘फुल बॉडी झालं’ म्हणून घरी जाण्याआधी यादी वाचा.

एचआयव्ही असेल, अवयव बदलला असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दीर्घकाळ चालू असतील तर तीन किंवा पाच वर्षांचं हे अंतर लागू नाही. त्यांना लवकर लवकर यावं लागतं. आधी कधी गर्भाशयमुखावर उपचार झाला असेल त्यांनाही.

एक गोष्ट या सगळ्या वेळापत्रकाच्या बाहेर ठेवा. संबंधांनंतर रक्त दिसणं, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग लागणं, पाळी गेल्यावर पुन्हा थेंबभरही रक्त दिसणं, अंगावरून दुर्गंधीचं किंवा रक्तमिश्रित पाणी जाणं. यातलं काही झालं तर ‘माझी तारीख दोन वर्षांनी आहे’ असं म्हणून थांबायचं नाही, आणि मागचा नॉर्मल रिपोर्ट दाखवून स्वतःची समजूतही घालायची नाही. नेमाची तपासणी तक्रार नसलेल्या बाईसाठी असते. तक्रार आली की सरळ डॉक्टरकडे.

आता तारीख का हुकते ते बघू, कारण तुमचा खरा प्रश्न तो आहे. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त वेळा ती पाळीमुळे हुकते. नंबर लावलेला असतो, दोन दिवस आधी पाळी येते, बाई फोन करून रद्द करते आणि ‘नंतर घेते’ म्हणते. ते नंतर पुढच्या दिवाळीनंतर येतं. रद्द करायच्या त्याच फोनवर दहा दिवस पुढची वेळ मागून घ्या. मुळातच वेळ घेताना पाळी सुरू झाल्यापासून दहाव्या ते विसाव्या दिवसाच्या मधली धरा, म्हणजे हा प्रश्न बहुतेक वेळा येतच नाही. त्याआधी दोन दिवस योनीत कुठली गोळी किंवा क्रीम नको, आतून धुणं नको, संबंध नकोत. पॅपसाठी हे महत्त्वाचं. एचपीव्हीला थोडी सूट असते, पण पाळा.

दुसरं कारण लाज, आणि तिला मी क्षुल्लक मानत नाही. काय होतं हे आधी माहीत असलं की ती बरीच कमी होते. टेबलावर निजायचं, पाय दुमडून बाजूला. नर्स म्हणेल, ‘ताई, खाली सरका... अजून थोडं.’ प्रत्येकीला दोनदा सांगावं लागतं, कारण प्रत्येकीला वाटतं की आता पडू. कमरेखाली चादर असते. नसेल तर मागा. मग स्पेक्युलम, बदकाच्या चोचीसारखं उपकरण, हळूच आत जातं. स्टीलचं असेल तर थंडीच्या दिवसांत गार लागतं. आम्ही कोमट पाण्यात धरून घेतो, तुमच्याकडे तसं करत नसतील तर सांगायला संकोच नको. त्या वेळी श्वास सोडायचा. श्वास धरला की स्नायू आवळतात आणि दुखतं. मग एक लहानसा ब्रश गर्भाशयमुखावर चार-पाच वेळा गोल फिरवतात आणि त्याचं टोक द्रव भरलेल्या डबीत टाकतात. झालं. कपडे घालायला याहून जास्त वेळ लागतो. नंतर एखादा डाग लागू शकतो, तो त्याच दिवशी थांबतो. लेडी डॉक्टरच हवी, आत नर्स हवी, शिकाऊ मुलं नकोत, हे सगळं वेळ घेतानाच सांगता येतं. ज्यांना टेबलावर चढणं शक्यच नाही, त्यांनी स्वतः नमुना घ्यायच्या किटबद्दल विचारावं. एचपीव्हीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने तो मार्ग मान्य केला आहे.

तिसरं कारण: अंतर फार मोठं आहे. पाच वर्षं काही लक्षात राहण्यासारखी नसतात. तेवढ्यात मुलगी आठवीतून कॉलेजात जाते, डॉक्टर बदलतो, फोन दोनदा बदलतो, घरातली फाईल अलमारीच्या कुठल्या कप्प्यात गेली ते कळत नाही. ज्या बायका वेळेवर येतात त्या काय करतात ते मी विचारते. एकीने रिपोर्टच्या प्लॅस्टिक फोल्डरवरच जाड मार्करने पुढचा महिना आणि वर्ष लिहिलं होतं; फाईल दुसऱ्या कशासाठीही काढली तरी तेच आधी दिसायचं. दुसरी वयाचा नेम पाळते: ३५, ४०, ४५, वाढदिवसाच्या महिन्यात. हा नेम तिशीतल्या बायकांना मी आवर्जून सांगते. तुम्ही मात्र ४५ची वाट बघत बसू नका. आता करा आणि पुढची ४९ला. फोनच्या कॅलेंडरवर पाच वर्षांपुढची आठवण लावता येते, ती ई-मेलच्या खात्यावर ठेवली तर फोन बदलूनही टिकते. रिपोर्टचा फोटो काढून स्वतःलाच मेल करून ठेवा. टेस्टचं नाव, तारीख, निकाल आणि लॅब, एवढं हाताशी असलं की पुढचे डॉक्टर कोणीही असोत, अडत नाही.

आणि जोडीने जा. भिशीतल्या दोघी-तिघी, जाऊ, नणंद. एकटीची वेळ घरातल्या कुठल्याही कामासाठी पुढे ढकलली जाते, दोघींची तितक्या सहज ढकलली जात नाही. शाळेत नोकरी आहे तर परीक्षेचे पेपर तपासून झाल्यावर, माहेरी जायच्या आधीचा आठवडा धरा. लग्नसराई आणि गणपती-नवरात्राच्या धामधुमीतली वेळ घेऊच नका, ती मोडणारच.

महिला मंडळाच्या शिबिरांबद्दल मला विचारलं जातं. आठ मार्चला अशी शिबिरं पुष्कळ होतात आणि कधीच न गेलेल्या बायका त्या निमित्ताने येतात, हे चांगलंच आहे. पण शिबिरात फोटो निघतात आणि रिपोर्ट पोचत नाहीत, असंही मी पाहिलं आहे. नाव नोंदवतानाच विचारा: टेस्ट कुठली, रिपोर्ट कधी आणि कोणाकडून मिळणार, काही निघालं तर पुढे कुठे पाठवणार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर तपासणी दुसरीकडे करा. रिपोर्ट न आला म्हणजे नॉर्मल असणार, हे गृहीत धरायचं नाही. तीन-चार आठवड्यांत नाही आला तर फोन करून मागायचा. रिपोर्टवर ‘नमुना अपुरा’ असं आलं असेल तर ती तपासणी झालीच नाही असं समजून दोन-चार महिन्यांत पुन्हा करायची.

चौथं कारण कोणी बोलून दाखवत नाही: काही निघालं तर? एक बाई एचपीव्ही पॉझिटिव्हचा रिपोर्ट चार घड्या घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात घेऊन आली होती. कॅन्सर आहे का, हे तिने विचारलंच नाही. तिचा पहिला प्रश्न होता, हे घरी दाखवावं लागेल का. नवरा बाहेर बाकावर बसला होता. अशा वेळी मी दोघांनाही आत बोलावून हेच सांगते, अर्थात तिची तयारी असेल तर: हा विषाणू शरीरात वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. तो कधी आला, कोणाकडून आला, हे कुठलीही टेस्ट सांगू शकत नाही. वीस वर्षांच्या संसारात आज पॉझिटिव्ह आलेला रिपोर्ट काल कोणी काय केलं याचा पुरावा नाही, ना तिच्याविरुद्ध, ना त्याच्याविरुद्ध. ज्या घरात हे समजून घेतलं जातं तिथली बाई पुढच्या तपासणीला येते. ज्या घरात चौकशी सुरू होते, तिथली बाई रिपोर्टसकट दिसेनाशी होते, आणि सगळ्यात जास्त धोका तिलाच असतो.

पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. विषाणूचे १६ किंवा १८ क्रमांकाचे प्रकार निघाले तर थेट कोल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयमुख दुर्बिणीतून मोठं करून, त्यावर सौम्य ऍसिटिक ऍसिड लावून पाहणं. संशयाची जागा पांढरी पडते आणि तिथला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तपासायला घेतात. बाकीचे प्रकार असले तर आधी पॅप. ती ठीक असली तर वर्षभराने पुन्हा टेस्ट. ही वर्षभरानंतरची तारीख मात्र अजिबात हुकवायची नाही. तक्रार नसलेल्या, निगेटिव्ह बाईची तपासणी सहा महिने लांबली तर फारसं बिघडत नाही. पॉझिटिव्ह असलेल्या बाईची लांबली तर बिघडू शकतं. घरात सगळ्यांच्या सगळ्या तारखा पाळणं शक्य नसेल तर कोणती आधी, हे यावरून ठरवा. कॅन्सरपूर्व बदल निघाले तर ती जागा उष्णतेने जाळतात किंवा तारेच्या वेटोळ्याने काढतात. बहुतेक वेळा भूल फक्त त्या जागेपुरती, आणि बाई संध्याकाळी घरी.

मुलगी असेल तर लशीचंही विचारा. ९ ते १४ वयात दिली की सर्वांत उपयोगी. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२२ साली मान्य झाली, त्याआधीपासूनच्या परदेशी लशीही आहेत. लस घेतलेल्या मुलींनाही पुढे तिशीत तपासणी लागेलच, कारण लस कॅन्सर करणाऱ्या सगळ्या प्रकारांवर नसते.

आता सासूबाई. तपासणी ६५ला थांबवा असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं, आणि त्याचाच आधार घेऊन घरचे म्हणतात, आता या वयात कशाला. तो नियम आधीची दहा वर्षं तपासण्या होऊन त्या निगेटिव्ह आलेल्या बाईसाठी आहे. ज्यांची कधीच झाली नाही त्यांनी एकदा तरी एचपीव्ही टेस्ट करून घ्यावी, तब्येत बरी असेल तर जरूर. त्यांची गर्भपिशवी काढलेली आहे का, तेही विचारा. गर्भाशयमुखासकट, साध्या गाठींसाठी काढली असेल आणि आधी कधी कॅन्सरपूर्व बदल निघाले नसतील तर ही तपासणी लागत नाही. पण ‘पिशवी काढली’ एवढंच घरात माहीत असतं. गर्भाशयमुख ठेवलं की काढलं ते डिस्चार्जच्या कागदावर असतं. कागद सापडला नाही तर डॉक्टर पाहून सांगतील.

या वयात व्हिनेगरची तपासणी फारशी कामाची नाही, कारण जिथे बदल होतात ती जागा पाळी गेल्यावर आत सरकते. कोरडेपणामुळे स्पेक्युलम दुखू शकतं, म्हणून लहान आकाराचं वापरायला सांगा. गरज वाटली तर डॉक्टर आधी काही आठवडे इस्ट्रोजेनचं क्रीम लावायला देतात, ते तपासणीच्या दोन दिवस आधी थांबवायचं. गुडघे दुखत असतील तर ते आधीच सांगा, एका कुशीवर निजूनही नमुना घेता येतो. त्या साडी नेसत असतील तर साडीतच ने-आण करा, सलवार काढण्या-घालण्याची कटकट राहत नाही. दोघींची वेळ एकाच दिवशी लागोपाठ घ्या आणि आधी तुम्ही आत जा. बाहेर आल्यावर त्यांना काय झालं ते तुम्हीच सांगा, तुमचं ऐकून त्या आत जायला तयार होतील.